बयाणा घेण्याआधी

नागपूर

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, घराला गिऱ्हाईक चांगलं आहे, बयाणा घेऊन टाका, पतसंस्थेचं मागाहून निस्तरू." तुझी आई शेजारीच होती म्हणून मी गप्प बसलो. पण बयाणा मी घेणार नाही.

रविवारी ते नवराबायको आले होते, दोघंही शिक्षक. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर वीत टाकून मोजू लागली, मिक्सर कुठे राहील, शेगडी कुठे. त्याने मला विचारलं, "काका, कागद साफ आहेत ना?" मी सांगितलं, घरावर बँकेचं कर्ज आहे आणि त्यानंतर एका पतसंस्थेचं गहाणखत आहे, आकडे हाती आले की दाखवतो. त्याने चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलं. पंधरा दिवस थांबतो आम्ही."

न सांगता भागलं नसतंच. गहाणखत नोंदणीकृत आहे, आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, बोजा चढलेला आहे. त्यांच्या बँकेचा वकील जुन्या नोंदींचा सर्च घेईल तेव्हा पहिल्या दिवशी सापडेल. आणि समजा, नाही सापडलं तर? कर्ज तुझ्या नावावर असलं तरी बोजा घरावर आहे, घर विकलं की तो घराबरोबर जातो. उद्या वसुलीवाले त्या बाईच्या ओट्यापाशी येऊन उभे राहतील. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे, त्याच्या कलम 55 मध्ये हे सरळ लिहिलंय: विकणाऱ्याला आपल्या हक्कातला दोष माहीत असूनही त्याने तो लपवला, तर ती फसवणूक. मी 24 वर्षं वसुली विभागात नोकरी केली, निखिल. असे घेणारे मी टेबलापलीकडे रडताना पाहिलेत.

आता हिशेब. सौदा 48 लाखांचा. बँकेचं येणं 32 लाख 60 हजार. पतसंस्था मागते 17 लाख 20 हजार. म्हणजे सगळं देऊन आपण 1 लाख 80 हजारांनी खाली. पण पतसंस्थेच्या आकड्यात मुद्दल फक्त 9 लाख 80 हजार आहे, बाकी व्याज आणि दंडव्याज. तुझे हप्ते असेच थकत राहिले तर बँक 60 दिवसांची नोटीस देऊन 2002 च्या सरफेसी कायद्याने, म्हणजे थकीत कर्जवसुलीच्या कायद्याने, घर लिलावात काढेल. लिलावात 48 लाख येत नाहीत. जे येतील त्यातून आधी खर्च, मग बँक, आणि उरलं तर पतसंस्था, कारण बँकेचं गहाण आधीचं. हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून मी साडेतेरा लाखांत एकरकमी तडजोड मागणार आहे. तसं झालं तर 1 लाख 90 हजार उरतात. त्यात दलाली आणि आमच्या भाड्याच्या घराची अनामत भागेल. माझी मुदत ठेव यात धरू नकोस, ती आईच्या गुडघ्यासाठी आहे.

मॅनेजर तोंडी "होऊन जाईल" म्हणाला तर ऐकून घ्यायचं आणि घरी यायचं. माझ्या नोकरीत एकाने अशाच शब्दावर पैसे भरले, मॅनेजरची बदली झाली, नव्या मॅनेजरने उरलेलं व्याज मागितलं आणि त्याची रजिस्ट्री अडकली. आपल्याला संचालक मंडळाचा ठराव हवा, त्यात रक्कम, मुदत आणि "ही रक्कम मिळताच गहाण मुक्त करू" हे वाक्य. बँकेकडून किती येणं बाकी आहे त्याचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. हे हातात आलं की मगच बयाणापत्र करायचं, आणि त्यात दोन्ही बोजे आकड्यासकट लिहायचे. घेणाऱ्याचे पैसे आधी तुझ्या खात्यात येणारच नाहीत: एक डीडी बँकेच्या कर्जखात्याला, एक पतसंस्थेच्या, उरेल तो तुला. विक्रीपत्राच्या दिवशीच पतसंस्थेचा माणूस दुय्यम निबंधकाकडे बसून गहाणमुक्तीचा दस्त करून देईल, मग नगर भूमापनला बोजा कमी करण्याचा अर्ज. तुझं कर्ज बदलत्या व्याजाचं आहे, त्यामुळे मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. मूळ कागद बँकेने 30 दिवसांत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. डिसेंबर 2023 पासून उशीर झाला तर दिवसाला 5 हजार भरपाई. हे त्या मास्तरांनाही सांगितलंय, त्यांना धीर आला.

धंदा बुडाला याचा राग माझ्या मनात नाही. तू पतसंस्थेचे फोन उचलणं सोडलंस, याचं वाईट वाटतं. कर्जदार फोन उचलेनासा झाला की आम्ही फाईलवर लाल शेरा मारायचो. आज त्यांच्या ऑफिसात गेलो तेव्हा तुझ्या फाईलवर तो पाहिला.

गुरुवारी मंडळाची बैठक आहे. मी अर्ज देऊन आलोय, पण सही तुझी लागते आणि समोर तूच हवास. महाराष्ट्र एक्स्प्रेसने बुधवारपर्यंत पोच. गहाणखताची तुझ्याकडची प्रत आण आणि हप्त्यांच्या पावत्या आण, 2021 च्या सगळ्या. त्यांच्या खातेउताऱ्यात त्या वर्षीचे दोन हप्ते मला दिसत नाहीत.

तुझा
बाबा