घर आहे तसेच विकण्याविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. आई गेल्यापासून कुलूपबंद असलेले घर विकण्याचे तुम्ही भावंडांनी ठरवले, हे वाचून गलबलून आले; त्याच घराच्या पायऱ्यांवर बसून आपण कितीतरी परीक्षांचा अभ्यास केला आहे. विकण्यापूर्वी डागडुजी आणि रंगरंगोटी करून घ्यावी की आहे त्या स्थितीत विकून मोकळे व्हावे, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की, दुरुस्तीत पैसा घालू नकोस, घर आहे तसेच वीक; मात्र त्यातले जे दोष तुला ठाऊक आहेत ते सगळे लिहून घेणाऱ्याच्या हाती दे. यातली पहिली गोष्ट करून दुसरी टाळलीस, तर नुकसान तुझेच होईल.

हे मी अनुभवाने सांगतो. वडिलांचे घर विकायला काढले तेव्हा मागच्या खोलीच्या भिंतीला जुनी ओल होती. एजंट म्हणाला, ‘रंगाचा एक हात मारून घ्या, कोणाच्या लक्षातही येणार नाही.’ मी मारून घेतला. पहिले गंभीर गिऱ्हाईक आले ते आपल्या ओळखीच्या अभियंत्याला घेऊन. तो थेट कपाटामागच्या कोपऱ्यात उकिडवा बसला, रंगाला आलेला सुपारीएवढा फुगा त्याने पातळ पात्याने खरवडला, आणि आतला पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेला क्षार, पिठासारखा त्याच्या बोटांवर उतरला. तो एक शब्दही बोलला नाही. गिऱ्हाइकाने मात्र उठून घरातल्या प्रत्येक नव्या रंगाच्या भिंतीवरून हात फिरवला. ज्या भिंती खरोखर कोरड्या होत्या, त्यांच्यावरही त्यांचा विश्वास उरला नाही. व्यवहार तिथेच मोडला. ओल त्यांनी कदाचित पत्करली असती, पण ती झाकलेली सापडली. त्या दिवसाची मला आजही खंत वाटते.

यामागचे कारण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले होते. विकणाऱ्याला माल आतून ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा वाईटाची शक्यता धरूनच भाव सांगतो आणि चांगल्या मालालाही त्याची खरी किंमत मिळत नाही. जुन्या घराचे हेच होते. गिऱ्हाईक दुरुस्तीचा खर्च वजा करतेच, शिवाय न दिसणाऱ्या दोषांची भीतीही वजा करते. पहिल्या वजाबाकीचा फारसा इलाज तुझ्या हाती नाही. दुसरी मात्र एका प्रामाणिक कागदाने बरीच कमी होते.

आता दुरुस्ती का करू नये, ते सांगतो. जुन्या घरात एक काम काढले की त्याच्यामागून चार निघतात. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तर आतली ओल कोंडते आणि थोड्याच काळात क्षारांसकट पोपडे धरतात. जुन्या विजेच्या तारांचे रबरी वेष्टन इतके ठिसूळ झालेले असते की, एक बटण बदलायला गेल्यास मागची तार हातातच तुटू लागते. लोखंडी नळ आतून गंजून अरुंद झालेले असतात. त्यांतला एक तुकडा बदलून पाण्याचा जोर वाढत नाही. छताच्या सळया गंजल्या असतील तर गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून लावलेले मलम कितीसे टिकणार? पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील तर त्यांना हातच लावू नकोस. ते कापताना किंवा फोडताना उडणारे तंतू श्वासावाटे आत गेल्यास कर्करोगाचा धोका असतो, आणि ते काम प्रशिक्षित माणसांचेच आहे. शिवाय तू हौसेने बसवलेल्या फरशा नवा मालक पहिल्याच महिन्यात उखडून टाकील, कारण त्याला स्वयंपाकघर दुसरीकडेच हवे असेल.

दोन कामे मात्र अवश्य कर. चालू गळती थांबव, कारण विक्री होईपर्यंत ती घर खात राहते. आणि उघड्या तारा बंद करून घे, कारण घर पाहायला येणाऱ्या माणसांच्या जिवाची जबाबदारी तुझ्यावर आहे. बाकी सामान हलव, जाळी काढ, खिडक्या उघडून उजेड आत येऊ दे. रिकाम्या घराचा मुख्य नळ बंद ठेव, आणि विमा असेल तर रिकाम्या घरालाही तो लागू आहे का, हे विचारून घे.

‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांचा अर्थ एवढाच की, दुरुस्ती तू करून देणार नाहीस. घेणाऱ्याने तपासणी करू नये, असा त्याचा अर्थ नाही. आणि ठाऊक असलेला छुपा दोष दडवण्याची मुभा तर त्यातून बहुतेक ठिकाणी मुळीच मिळत नाही. दोष किती आणि कसे सांगायचे, याचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून करारातले ते कलम वकिलाकडूनच लिहून घे. बँकेचे कर्ज काढून घेणाऱ्यांपैकी काही जण गळतील, हेही धरून चल. घर राहण्याजोगे नाही असे मूल्यांकनात आले तर बँक कर्ज नाकारू शकते. कर्ज न काढता स्वतःच्या पैशाने घेणारा लवकर व्यवहार करतो, पण त्याची किंमत वसूल करतो. म्हणून आधीच दोन आकडे काढून ठेव: आजच्या स्थितीतली किंमत, आणि दुरुस्तीनंतरची किंमत वजा दुरुस्तीचा खर्च, त्या महिन्यांचे कर आणि तुझ्या खेपा. दुसरा आकडा स्पष्टपणे मोठा नसेल तर पुढे विचारच नको. आणि जागेला घरापेक्षा जास्त मोल असेल तर घेणारा ते पाडूनच बांधील. मग दुरुस्तीचा सगळा पैसा पाण्यात.

दुसऱ्या खेपेस मी दोन पानी टिपण केले होते: ओल कुठे, कधीपासून, कोणत्या ऋतूत वाढते, वाळवी कोणत्या चौकटीला लागली होती आणि औषध कधी मारले. घेणाऱ्या बाईंनी ते तिथेच उभे राहून वाचले आणि म्हणाल्या, ‘मग चांगले काय आहे तेही सांगा.’ मी त्यांना पूर्वेची खिडकी दाखवली. भाव मनासारखा नव्हता, पण ठरलेल्यातून शेवटपर्यंत एक पैसाही कमी झाला नाही.

तुझे टिपण तू एकट्याने लिहू नकोस. पुढच्या महिन्यात मी चार दिवस येतो. आपण खोली खोली फिरून ते करू. माळ्यावरच्या जुन्या पावत्या आणि नकाशा तेवढा शोधून ठेव. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझाच,
बालमित्र