रात्री एक वाजता मागे सरकणारं घड्याळ : मॅडमना जाहीर आभारपत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम. आमच्या तक्रारीचं तिकीट तुमच्या टीमकडे नव्हतंच, तरी तुम्ही मध्यरात्री कॉलवर थांबलात. चारचौघांत आभार मानायचे होते, शिवाय हा घोळ इतर ॲडमिन मंडळींच्याही वाट्याला येऊ शकतो, म्हणून पत्र जाहीर.

तक्रार विचित्र होती. रात्री एकच्या सुमारास लोकांचे अचूक ओटीपी नाकारले जायचे. वेब सर्व्हर आणि लॉगिनच्या व्हीएमचे (मोठ्या सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी मशीनचे) लॉग, म्हणजे वेळेसकटच्या नोंदी, शेजारी ठेवले, तर रिक्वेस्ट पोहोचायच्या आधीच तिचं उत्तर गेलेलं! सकाळी घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्रामची ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ कमांड चालवून बघावं तर घड्याळातला फरक एका मिलिसेकंदाच्या आत. ॲपवाले नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवत, नेटवर्कवाले ॲपवाल्यांकडे.

तुम्ही एवढंच विचारलंत, “बॅकअप किती वाजता लागतो?” मग त्याच वेळेचा क्रोनीचा लॉग काढायला लावलात. त्यात ओळ होती : ‘बॅकवर्ड टाइम जंप डिटेक्टेड!’ म्हणजे घड्याळ मागे उडालंय.

बॅकअप सॉफ्टवेअर स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घेतं, तेव्हा व्हीएम क्षणभर थांबते. ती पुन्हा चालू होताना गेस्ट टूल्स (व्हीएममध्ये बसवलेलं मदतनीस सॉफ्टवेअर) तिला होस्टची, म्हणजे ती ज्या सर्व्हरवर चालते त्याची, वेळ देऊन टाकतात. टूल्समधलं नियमित टाइम सिंक (वेळ जुळवणं) आमच्याकडे बंदच होतं, पण स्नॅपशॉट, रिझ्यूम (थांबलेली व्हीएम पुन्हा चालू करणं), मायग्रेशन (ती दुसऱ्या होस्टवर हलवणं) अशा प्रसंगी होणारं एकवेळचं सिंक त्या टिकमार्कने बंद होत नाही. त्याच्या सेटिंग्ज वेगळ्या, आणि त्या कुठे दडल्यात हे शोधणं म्हणजे स्वतंत्र नोकरीच. त्यात होस्टला एनटीपीच (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) लावलेलं नाही, तो ४० सेकंद मागे. ओटीपीची खिडकी, म्हणजे तो चालण्याची मुदत, ३० सेकंदांची, म्हणून अचूक ओटीपीही बाद. पुढे क्रोनी घड्याळ जरा जोरात पळवून ही तूट भरून काढायचं, कारण त्याच्या सेटिंगमध्ये ‘मेकस्टेप १ ३’ असेल तर एकदम उडी मारायची मुभा फक्त सुरुवातीच्या तीन अपडेटपुरती. सकाळी आम्ही बघेपर्यंत सगळं आलबेल!

“एका म्यानात दोन तलवारी कशाला?” म्हणत तुम्ही टूल्सचं सगळं सिंक बंद करवलंत. मी म्हटलं, मग क्रोनीला केव्हाही उडी मारू द्यायची का? “लॉगिनवर चालेल. डेटाबेसचं घड्याळ मागे उडालं तर नोंदींचा क्रम कोण निस्तरणार?” हे मला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

एनटीपी सर्व्हर व्हीएमवर उभा करायलाही तुम्ही साफ नकार दिलात. दोनच सर्व्हरही नकोत, कारण त्यांचं पटलं नाही तर खरा कोण ते कळत नाही. म्हणून चार जुन्या फिजिकल डीएनएस (नावावरून नेटवर्क पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरांवर क्रोनी बसवलं आणि त्यांना एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) व एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांची वेळ जोडली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नाहीतरी तेच सांगितलंय. ऑडिटवाले कॉन्फिग फाइलमधलं सर्व्हरचं नाव बघून पुढे जातात, तुम्ही मात्र होस्टपासून सुरुवात करायला लावलीत.

आता ओटीपीच्या तक्रारी बंद आहेत. एक जुना होस्ट तेवढा राहिलाय, तो पुढच्या मेंटेनन्स विंडोत घेतोय. त्या रात्री तुम्हाला फोन करणार नाही, निवांत झोपा.

आपला,
पुण्यातला एक सिस्टिम ॲडमिन