विजयी संघातील खेळाडूंची नावेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरू लागला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आंतरमहाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांच्या बातम्या येऊ लागतात आणि हिवाळी परीक्षांपर्यंत त्या अधूनमधून येत राहतात. खो-खो, बॉल बॅडमिंटन, सॉफ्टबॉल, मल्लखांब असे ज्यांना प्रेक्षक कमी आणि प्रायोजक मुळीच नाहीत, असे खेळ वर्षातून एवढ्यापुरतेच छापील कागदावर येतात. या बातम्या मी अनेक वर्षे नेमाने वाचत आलो आहे. त्या वाचून स्पर्धेचे उद्घाटन कोणी केले, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रास्ताविक, संचालन आणि आभारप्रदर्शन कोणी केले हे सारे समजते. सामना कोणी, किती गुणांनी आणि कोणाच्या खेळामुळे जिंकला, हे मात्र बहुधा समजत नाही.

एक कात्रण माझ्यासमोर आहे. पूर्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाच्या मुलींनी खो-खोची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली, त्याची ही सचित्र बातमी. छायाचित्रात खुर्च्यांवर पाहुणे बसले आहेत, मागे प्राध्यापक उभे आहेत आणि पुढे सतरंजीवर बारा मुली मांडी घालून बसल्या आहेत. त्यांपैकी डावीकडून चौथीचा चेहरा पाहुण्यांच्या हातातून खाली झुकलेल्या पुष्पगुच्छाने अर्धा झाकला आहे. छायाचित्राखाली अकरा मान्यवरांची नावे पदांसह दिली असून शेवटी ‘व विजयी संघ’ एवढे तीन शब्द आहेत. अर्धा चेहरा दिसणाऱ्या त्या मुलीने अंतिम सामन्यात दोन मिनिटे चाळीस सेकंद संरक्षण केले होते, म्हणजे तेवढा वेळ ती बाद न होता पळत राहिली होती. तिचे वडील कपाशीच्या शेतातून तसेच महाविद्यालयात आले, माझ्या टेबलावर अंक पसरून त्यांनी ओळीवरून बोट फिरवले आणि विचारले, “माह्या पोरीचं नाव कुठी हाय, सर? पेपरात नाव आलं असतं तं गावात सांगाले बरं झालं असतं.”

ती बातमी मीच लिहिली होती. त्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून प्रसिद्धिपत्रक तयार करणे माझ्याकडेच असे, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपैकी कोणाचे नाव राहिले तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते, खेळाडूचे राहिले तर कोणी विचारत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक झाले होते. त्यामुळे या पत्रातील तक्रार आपल्या वार्ताहरांइतकीच आम्हा महाविद्यालयांच्या लोकांविरुद्धही आहे. तालुक्याच्या वार्ताहराला एका दिवसात मोर्चा, अपघात, बाजारभाव आणि कीर्तन सप्ताह असे सगळेच सांभाळावे लागते. त्याच्या हाती आम्ही जे देतो तेच तो पुढे पाठवतो.

दोन मिनिटे चाळीस सेकंद म्हणजे काय, हे खो-खो न खेळलेल्या वाचकासाठी सांगणे आवश्यक आहे. समोर नऊ जणींचा आक्रमक संघ असतो. त्यांपैकी आठ जणी एकआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात आणि नववी पाठलाग करत असते. पाठलाग करणारीला एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही आणि बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पळणारीला मात्र कोठेही वळण्याची मोकळीक असते. या एका सवलतीच्या बळावर ती टिकते. बसलेलीचे खांदे पाहून खो कोणाला मिळणार हे अर्ध्या क्षणात ताडायचे आणि खांबाजवळच्या झेपेतून निसटायचे, हे सलग अडीच मिनिटांहून अधिक करणे सोपे नाही. त्यात आमच्या भागातील मैदान काळ्या मातीचे. पावसात त्यावर पाय रुततो आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम टाकून केलेला पट्टा तेवढा खेळण्याजोगा राहतो. सराव पाच वाजता आटोपावा लागतो, कारण गावाकडची शेवटची एसटी त्यानंतर थांबत नाही. सोयाबीनची सोंगणी आणि स्पर्धा एकाच पंधरवड्यात आल्या तर संघातील दोन-तीन जणी शेतात असतात, हे तर ठरलेलेच.

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन हंगामांत रणजी करंडक जिंकला, तेव्हा पाने भरून बातम्या आल्या आणि प्रत्येक डावाची धावसंख्या छापली गेली. ते योग्यच होते, मी स्वतः त्या बातम्या कापून ठेवल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली, त्याचीही दखल आपण घेतली. पण विश्वचषकाच्या संघात जाणारा खेळाडू आधी कोठेतरी तालुक्याच्या मैदानावर पळत असतो, आणि तेथील नोंद कोणाकडेच सापडत नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, हे आम्ही दर वर्षी भाषणांतून सांगतो. त्याच जिल्ह्यात मागील वर्षी आंतरमहाविद्यालयीन मल्लखांबात पहिला कोण आला, हे विचारल्यास भाषण करणाऱ्याला सांगता येणार नाही.

नाव छापल्याने काय होते, याचा एक अनुभव सांगतो. बॉल बॅडमिंटनच्या एका सामन्याची सहा ओळींची बातमी एका नव्या वार्ताहराने स्वतः मैदानावर येऊन लिहिली होती. या खेळात पाच-पाच जण खेळतात आणि चेंडू पिवळ्या लोकरीचा असतो, तो दवाने भिजला की जड होतो. त्या सकाळी तो तीनदा बदलावा लागला, हेही त्याने टिपले. पाचही मुलींची नावे गावासह दिली. त्या आठवड्यात एका गावच्या किराणा दुकानदाराने कात्रण दुकानात चिकटवले, आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेताना त्याच गावच्या तीन मुलींनी “तो पिवळ्या चेंडूचा खेळ इथेच आहे ना?” असे विचारले. सरकारी नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण समजावून सांगूनही जे पालक हलत नाहीत, ते शेजाऱ्याच्या मुलीचे नाव छापून आल्यावर विचार करू लागतात, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक खो-खो सामन्याला पंच आणि सरपंच (ग्रामपंचायतीचे नव्हेत, खो-खोचे मुख्य पंच) यांच्यासोबत वेळाधिकारी व गुणलेखक असतात, आणि कोण किती वेळ पळाली, कोणी किती गडी टिपले, हे सारे गुणपत्रकात लिहिले जाते. स्पर्धा संपल्यावर ते गठ्ठ्यात बांधून ठेवले जाते. त्याची प्रत यजमान महाविद्यालयाने त्याच संध्याकाळी वार्ताहराकडे द्यावी, असे बंधन अमरावती विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने घालावे. आपण आठवड्यातून एकदा, स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाच्या एका जाहिरातीएवढी जागा द्यावी आणि तीत असे छापावे: ‘अमुक महाविद्यालयाची तमुक महाविद्यालयावर एक डाव ३ गुणांनी मात, विजयी संघाकडून अमुक, गाव तमुक (२ मि. ४० से. संरक्षण) आणि अमुक (१ मि. ५० से. व ३ गडी) यांचा उत्कृष्ट खेळ.’ पराभूत संघातील दोन नावेही असावीत. पाहुण्यांची नावे जागा उरल्यास घ्यावीत. असा मजकूर वाचतो कोण, असे आपले व्यवस्थापन विचारील. बारा जणींच्या संघात आठ-दहा गावे असतात, आणि त्या गावांत त्या दिवशीचा अंक हातोहात फिरेल.

मी निवृत्त झालो असलो तरी पंच म्हणून अजून मैदानावर जातो. यंदाच्या हंगामात मी ज्या सामन्यांना असेन, त्यांचे गुणपत्रक टंकलिखित करून रात्री आठच्या आत आपल्या तालुका वार्ताहराकडे पोहोचवण्याची जबाबदारी घेतो. मुलींच्या आडनावांतील ऱ्हस्व-दीर्घ मात्र कार्यालयात बदलू नयेत, ते मी त्यांच्याकडूनच लिहून घेतलेले असतील.

आपला,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक
जि. अमरावती