बंड्या, पुढच्या बुधवारसाठी

ठाणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

परवा फोनवर वहिनींच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचं बोलताना तू विचारलंस, "मी तिथे नक्की करायचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "त्यांना लिहून पाठवा. बोलायला गेलात की तुमचा गळा भरून येतो." म्हणून लिहितोय.

आधी एकच. वहिनींना "काही होत नाही" असं म्हणू नकोस. हिच्या स्तनातल्या गाठीच्या बायॉप्सीला मी तेच केलं होतं. आत जाताना म्हटलं, "सुईच तर आहे, कळणारही नाही." जागा बधिर केली होती, दुखलं फारसं नाही. पण तुकडा काढायच्या त्या सुईचा खटका स्टेपलरसारखा वाजतो, आणि तो चारपाच वेळा वाजला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर आली तेव्हा हात गार पडले होते. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मला धीर नका देऊ. काय होणार ते सांगा."

त्या दिवसापासून मी आधी विचारून ठेवायला लागलो. किती वेळ लागेल, दुखलं तर कुठे, घरी आल्यावर काय दिसेल. डॉक्टर घाईत असले तर सिस्टरना विचार, त्या फार नीट सांगतात. काहींच्या केमोत एक लाल औषध असतं, हिच्या होतं. ते दिल्यावर लघवी लाल होते. रंग औषधाचा, रक्त नव्हे. मला हे आदल्या दिवशी कळलं होतं, मी हिला सांगितलं होतं. रात्री बाथरूममधून आली आणि "झाली हो लाल" एवढंच म्हणून झोपली. ठाऊक नसतं तर ती रात्र कशी गेली असती, याचा विचारही करवत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तू दाराबाहेर असशील आणि वेळ जाणार नाही. त्याला इलाज नाही. फाइल हातात ठेव, डबा खा, नाव पुकारलं की जागेवर सापड. खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. बगलेखालून एक नळी येते, तिला ड्रेन म्हणतात. तिच्या टोकाच्या डब्यात जखमेतलं पाणी साठतं. ते सकाळ-संध्याकाळ मापात ओतून किती मिली भरलं ते लिहायचं. मी मुलीची जुनी शंभर पानी वही घेतली होती. पहिल्या दिवशी दीडशेच्या आसपास, रंग लालभडक. मग नव्वद, साठ, रंग पिवळट. आकडा पुरेसा उतरला की नळी काढतात. बंड्या, इतकी वर्षं हिशेब लिहिले, पण कुठला आकडा कमी झाल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

चौथ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना हिने विचारलं, "बघायचंय?" मी पाहिलं. टाके, सुजलेली कड, आणि जिथे होतं तिथे सपाट. मी काहीच बोललो नाही, फक्त डबा रिकामा केला आणि आकडा लिहिला. फार दिवसांनी ती म्हणाली की त्या वेळी तुम्ही नजर वळवली नाहीत, ते बरं केलंत. वहिनींनी विचारलं तर पाहा. नाही विचारलं तर थांब. आणि त्या झोपल्या असताना टक लावून बघत बसू नकोस, कळतं त्यांना.

केमो लागली तर घरात थर्मामीटर हवाच. डोस झाल्यावर आठवडाभरात पांढऱ्या पेशी उतरायला लागतात. तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटल. आम्ही एकदा पहाटे दोनला गेलो होतो. लगेच सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ही घरी आली. यात मात्र वहिनींचंसुद्धा ऐकू नकोस. त्या म्हणतीलच, "उगाच कशाला त्रास."

रेल्वेची सवलत घ्यायला विसरू नकोस. हॉस्पिटलकडून फॉर्मवर सही-शिक्का घे. स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला पाऊण सवलत. कराडहून दर खेपेला यायचं म्हणजे तेवढाच हातभार.

आणि राहायचं म्हणशील, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे रुग्ण उतरतात, ठाऊक आहे मला. पण तिथली जागा ज्यांचं मुंबईत कुणी नाही त्यांना मिळू दे. तुम्ही आमच्याकडे उतरायचं. पुढची खोली रिकामी केलीय. परळला सकाळी लवकर निघावं लागतं, मी सोबत येईन.

हिने वहिनींसाठी दोन गाऊन शिवलेत, सुती, पुढून बटणांचे, कारण ऑपरेशननंतर काही दिवस हात वर जात नाही. आतून डावीकडे एक खिसा आहे, ड्रेनचा डबा ठेवायला. तिच्या वेळी आम्ही ओढणीला सेफ्टी पिनने अडकवायचो आणि तो सारखा ओढला जायचा. डावीकडेच ना रे? नसेल तर उद्या फोन कर, खिसा उसवून दुसरीकडे लावते म्हणाली.

मंगळवारी पहाटे महालक्ष्मी एक्सप्रेस दादरला येईल तेव्हा मी फलाटावर असेन. डबा क्रमांक कळव.

तुझा,
सदा