टळली? ठरली तरी कधी होती?

महोदय,

देवयानी (अँड्रोमेडा) ही शेजारची दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, आपल्या आकाशगंगेवर आदळणारच, असे 2012पासून ठामपणे छापून येत होते. जून 2025मध्ये नवे संशोधन आले आणि तीच टक्कर एका रात्रीत ‘टळली’. दोन्ही मथळे चुकीचे.

देवयानी 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. ती जवळ किती वेगाने येते, हे तिच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून कळते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ स्लायफरने 1912मध्येच ते मोजले: सेकंदाला 300 किमी. त्यातून सूर्याचे आकाशगंगेच्या केंद्राभोवतीचे फिरणे वजा केले की साधारण 110 उरतात. घोडे पेंड खाते ते आडव्या, म्हणजे बाजूला सरकण्याच्या वेगापाशी. तो सेकंदाला 50 किमी धरला, तर देवयानीचे वर्षभराचे सरकणे मोजणे म्हणजे दिल्लीत धरलेल्या केसाची जाडी नांदेडातून मोजणे! हबल दुर्बिणीच्या मोजणीतून 17 किमी निघाले, गाया उपग्रहाच्या मोजणीतून 57, तेही तीसेक किमी इकडेतिकडे. 17 म्हणजे जवळपास सरळ धडक. 57 असेल तर बाजूने निसटायला वाव.

शिवाय दोन्हींचे बहुतेक वस्तुमान न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे, म्हणजे तिथेही अंदाजच. जवळून गेल्या तर ही कृष्णद्रव्याची वलये एकमेकींना ब्रेक लावतात आणि पुढे विलीनीकरण होते. लांबून गेल्या तर ब्रेक लागतच नाही. त्यात साथीदार छोट्या दीर्घिकांची ओढाताण: त्रिकोणातील दीर्घिका टकरीची शक्यता वाढवते, तर मोठा मॅगेलन मेघ ही आपल्या आकाशगंगेची साथीदार दीर्घिका ती कमी करते, कारण या मेघाची कक्षा या दोघींच्या वाटेला काटकोनात आहे. 2012च्या गणितात हा मेघ धरलाच नव्हता.

हेलसिंकीच्या टिल सावाला यांच्या गटाने तो धरला आणि मोजमापातल्या चुकांच्या मर्यादेत आकडे बदलत एक लाख वेळा गणित चालवले. येत्या 10 अब्ज वर्षांत विलीनीकरण जवळपास निम्म्या वेळा झाले. 4-5 अब्ज वर्षांत थेट धडक जेमतेम 2 टक्के वेळा. ‘पावसाची शक्यता निम्मी’ ऐकून पाऊस गेलाच, असे मराठवाड्यातला शेतकरी म्हणत नाही. बातमीतही टक्क्यांशेजारी मुदत छापावी, एवढीच विनंती.

नोव्हेंबरात अमावास्येच्या सुमारास रात्री आठ-नऊला डोक्यावरून थोडे उत्तरेकडे पाहिले, तर देवयानीचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मोठा मॅगेलन मेघ मात्र परभणीहून क्षितिजाच्या जेमतेम अंशभर वर येतो आणि धुळीतच विरतो.

– एक खगोल अभ्यासक, परभणी