रविवारी विज्ञानकथा वाचन

सभासद मंडळी, राम राम. या आठवड्यात ओलिताची लाईन रात्रीची आहे, म्हणून बैठक दुपारी ४ वाजता, वाचनालयाच्या ओसरीवर. पुस्तक जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’. त्यातली ‘कृष्णविवर’ मोठ्यानं वाचू. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, आणि पहिला नंबर आला! नावाच्या वजनाशिवाय जिंकलेली कथा, म्हणून मला तिचं फार अप्रूप.

आपल्या प्रतीची शिवण उसवली आहे, मधली पानं दोऱ्यानं बांधलीत, हळू उलटा. घरी जुने विज्ञानकथासंग्रह असतील तर सोबत आणा. वेचणीवरून थेट आलात तरी चालेल. पोरांना मात्र नक्की आणा.