शंकररावांची वकिली आणि टेलचं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांवरचा लेख वाचला. त्यात ‘हेडमास्तर’ आले, त्यांची शिस्त आली, धरणांची यादीही आली. पण हा माणूस मुळात वकील होता, हे एका ओळीत उरकलं. मला ती ओळच महत्त्वाची वाटते, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी परभणीला एका दिवाणी वकिलांकडे ३१ वर्षं कारकून होतो. पक्षकार आपली कहाणी सांगू लागला की वकीलसाहेब हातानं थांबवायचे आणि म्हणायचे, “आधी कागद.” सातबारा, फेरफार, खरेदीखत, मोजणीचा नकाशा टेबलावर आल्याशिवाय पुढचं बोलणंच नाही. बांधाच्या एका भांडणात खरेदीखतातली चतुःसीमाच चुकीची लिहिलेली निघाली. ओढा पश्चिमेला आणि कागदावर पूर्वेला. दावा अकरा वर्षं चालू होता, दोन वकील बदलून झाले होते, आणि ती ओळ तोवर कुणीही बोट ठेवून वाचलेली नव्हती. साहेबांनी वाचली आणि दाव्याचं तोंडच फिरलं. वकिली म्हणजे वक्तृत्व असं लोक समजतात. मी जवळून पाहिलेली वकिली म्हणजे वाचन.

शंकररावांचं कायद्याचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं. कोर्टकचेरीची भाषा उर्दू, खटल्याच्या फायलीला आमच्याकडचे जुने लोक ‘मिसल’ म्हणत. पैठणला १९२० साली जन्मलेल्या या मुलानं हैदराबादेत कायद्याची पदवी घेतली, वकिली सुरू केली आणि निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेला ओ देऊन ती सोडलीही. त्या लढ्याच्या उमरखेडच्या कॅम्पवर त्यांनी काम केलं. १९५२ च्या निवडणुकीत ते पडले. मग नांदेडच्या नगरपालिकेत गेले, तिथे अध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये विधानसभेत पोहोचले. पराभवानंतर नगरपालिकेत जाऊन नळ आणि गटारं बघायची तयारी असलेला वकील आज किती पक्षांकडे आहे, हे आपल्या वाचकांनी आपापल्या तालुक्यापुरतं तरी आठवून पाहावं.

पुढे पाटबंधारे खातं त्यांच्याकडे आलं. जायकवाडीचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं आणि धरण पैठणला, असं का, हे नव्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत असेल. मूळ बेत खाली जायकवाडीला धरण बांधायचा होता. जागा वर पैठणला सरकली, नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा शंकरराव पाटबंधारे मंत्री होते. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिराजींनी धरणाचं लोकार्पण केलं तेव्हा ते मुख्यमंत्री होते. सुमारे दहा किलोमीटरची भिंत, २७ दरवाजे, २०८ किलोमीटरचा डावा कालवा. शंभराहून जास्त गावांच्या जमिनी धरणाच्या जलाशयाखाली, त्या नाथसागराखाली गेल्या. त्यांच्या जन्मगावच्या तालुक्यातली गावंही त्यात होती. त्या लोकांचं ऋण आपण लाभक्षेत्रातले शेतकरी कधी तोंडानंसुद्धा फेडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्यावर, १९८६ मध्ये, त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. लोक त्याला झीरो बजेट म्हणत आणि त्या काळी नाकंही मुरडत. मला त्यात थेट कोर्टातला माणूस दिसतो. मागच्या वर्षी खर्च मंजूर होता म्हणून यंदाही द्या, हा काही पुरावा नव्हे. गरज काय ते पहिल्यापासून शाबीत करा. आमच्या साहेबांचं “आधी कागद” ते हेच.

सगळंच गोड लिहिणं मला जमणार नाही. आणीबाणीत मुख्यमंत्रिपदी शंकररावच होते. निजामाविरुद्ध वकिली सोडणारा माणूस, लोक खटल्याविना तुरुंगात असताना त्या खुर्चीत बसून राहिला, हे मला आजही खुपतं. माझे मामा तेव्हा आत होते. पण माजी मुख्यमंत्री असूनही १९७८ मध्ये शरद पवारांच्या मंत्रिमंडळात साधे मंत्री म्हणून काम करायला त्यांनी कमीपणा मानला नाही, हेही तितकंच खरं. दिल्लीतल्या संरक्षण, अर्थ, गृह या खात्यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

आता माझ्या मूळ म्हणण्याकडे येतो. माझी साडेतीन एकर जमीन डाव्या कालव्यावर, चारीच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. दर रब्बीला मी पाणीमागणीचा नमुना नंबर सातचा अर्ज भरतो, थकबाकी ठेवत नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की चारीवर जाऊन बसतो. वरच्या अंगाला पाणी वाजतं, ते ऐकू येतं. अस्तर फुटलेल्या जागी ते शेजारच्या पडीकात शिरतं आणि माझ्या दारेपर्यंत येता येता नुसती ओल उरते. मागच्या रब्बीत हरभरा फुलात असताना सहा रात्री मी कंदील घेऊन तिथे होतो. सातव्या दिवशी पाळी बंद झाल्याचा निरोप आला. संबंधित कार्यालयात विचारलं तर कागदोपत्री माझं क्षेत्र भिजलेलं होतं. पाणी आधी टेलला, मग वर, हे बैठकीत दरवर्षी सांगितलं जातं.

धरणात पाणी येण्याचा हक्कही आता कागदावरच ठरतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातलं पाणी समन्यायानं वाटायचं कलम आहे. त्याच्या आधारानं मराठवाडा कोर्टात गेला आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानं तो हक्क उचलून धरला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा हिशेब त्याच कलमाला धरून ठरला होता. नाशिक-नगरचा शेतकरी आमचा वैरी नाही, त्याचीही पिकं उभी असतात. म्हणूनच हे भांडण रस्त्यावर न होता कलम वाचणाऱ्या माणसांकडून सभागृहात व्हायला हवं. कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री विलासराव देशमुख होते, तेही कायद्याचे पदवीधर. त्यांच्या कितीतरी आधी मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील निलंगेकरही एलएल. बी. मराठवाड्यानं राज्याला दिलेल्या पहिल्या तिन्ही मुख्यमंत्र्यांनी कायदा शिकला होता, याची आठवण आजच्या आमदारांना कुणीतरी द्यायला हवी.

आज आपल्या भागात नावापुढे ‘ॲड.’ लावणारे लोकप्रतिनिधी कमी नाहीत. ती अक्षरं बॅनरवर मोठी दिसतात. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे की त्यांनी ६५ टक्क्यांचा तो तक्ता एकदा बोट ठेवून वाचावा. टेलच्या गावांत प्रत्यक्ष किती हेक्टर भिजलं आणि कागदावर किती, याचा तारांकित प्रश्न टाकावा. उत्तर अपुरं आलं तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा टाकावा. वकिलाला तारखेवर तारीख घेऊन उभं राहायची सवय असतेच.

आणि आपल्यालाही एक विनंती. अधिवेशन संपलं की मराठवाड्यातल्या कुठल्या आमदारानं पाण्यावर कोणता प्रश्न विचारला आणि सरकारनं काय उत्तर दिलं, एवढं अर्ध्या पानात छापा. भूमिपूजनाचे फोटो त्या दिवशी एक कमी झाले तरी चालेल. मी ते पान कापून आमच्या पारावरच्या फळ्यावर लावीन. यंदाचा माझा अर्ज भरून झाला आहे, पावती जवळ आहे. कुणा आमदारांना प्रश्नासोबत पुरावा लागलाच, तर तिची झेरॉक्स पाठवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त वकील-कारकून,
ता. मानवत, जि. परभणी